पूर्व दिशा अंधारू नये
अमेरिकेतील हिस्पॅनिक कुटुंबे आणि त्यांची समलिंगी मुले

राजगृह नगराबाहेर सिगाल नावाचा एक गृहपतिपुत्र भल्या पहाटे ओल्या केसांनी व ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत उभा होता. वडिलांनी मरताना तसे सांगितले होते म्हणून तो ते करीत होता. का करायचे, हे त्याला ठाऊक नव्हते. भिक्षाटनाला निघालेल्या तथागतांनी त्याला पाहिले आणि सहा दिशांचा खरा अर्थ समजावून सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. नमस्कार करायचा तो दिशेला नव्हे, त्या त्या नात्यातील कर्तव्याला.

सिगालोवाद सुत्त आपण वर्षावासात, संस्कार शिबिरात नेहमी ऐकतो. मुलांनी आईवडिलांशी कसे वागावे हे सांगताना त्याचा आधार घेतो. परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानातून निसटते. तथागतांनी कर्तव्ये एकतर्फी सांगितलेली नाहीत. मुलांची पाच कर्तव्ये सांगितली, तशीच आईवडिलांचीही पाच सांगितली. आणि आईवडिलांच्या पाचही कर्तव्यांच्या मुळाशी एकच भाव ठेवला, तो म्हणजे अनुकंपा. मुलाच्या दृष्टीने आईवडील ही पूर्व दिशा आहे. उजेड तिकडूनच यायचा असतो. मग एखाद्या मुलाची पूर्व दिशाच अंधारून गेली तर त्याने कोठे पाहावे?

या लेखात ज्या मुलांचा विचार करायचा आहे, ती आपल्यापासून फार दूर, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहतात. ती हिस्पॅनिक घरांत जन्मलेली आहेत आणि ती समलिंगी किंवा उभयलैंगिक आहेत, म्हणजे लैंगिक अल्पसंख्याक आहेत. कुटुंबाच्या वागण्याचा अशा मुलांच्या जगण्यामरण्यावर किती परिणाम होतो, याचा तेथे गेली वीस-पंचवीस वर्षे पद्धतशीर अभ्यास झाला आहे. ती कुटुंबे भाविक, कष्टकरी, नात्यागोत्यात गुंतलेली आणि चार लोकांना भिणारी आहेत. म्हणून त्यांची कथा आपल्याला परकी वाटणार नाही.

हिस्पॅनिक म्हणजे कोण?

ज्यांचे मूळ स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या देशांत आहे अशा अमेरिकावासीयांना हिस्पॅनिक म्हणतात. लॅटिनो हा शब्दही जवळपास त्याच अर्थाने वापरला जातो. त्यांत मेक्सिकोतून आलेले सर्वांत अधिक. त्याखेरीज प्वेर्तो रिको, क्युबा, एल साल्वादोर, डोमिनिकन प्रजासत्ताक, ग्वातेमाला अशा ठिकाणांहून आलेले. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे १९ टक्के भरली. काही घराणी तर आजच्या टेक्सास वा कॅलिफोर्नियात तो मुलूख अमेरिकेकडे जाण्याच्या आधीपासून राहत आहेत, तर काही कालपरवा सीमा ओलांडून आलेली आहेत. शेतातील वेचणी, इमारतींचे बांधकाम, उपाहारगृहांतील स्वयंपाक, कचेऱ्यांची रात्रीची साफसफाई अशी अंगमेहनतीची कामे ही मंडळी मोठ्या प्रमाणावर करतात. वर्ण आणि भाषा यांमुळे त्यांना हिणवले जाते. अनेक घरांत एकाला नागरिकत्व आहे तर दुसऱ्याकडे कागदपत्रे नाहीत, आणि केव्हा कोणाला पकडून परत धाडतील ही धास्ती असते.

अशा माणसांना घर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. बाहेर अपमान झाला की पाठ टेकायला तेवढीच एक भिंत असते. या कुटुंबनिष्ठेला स्पॅनिश भाषेत ‘फामिलिस्मो’ म्हणतात. एकाची कमाई ती सर्वांची, एकाचे दुखणे ते सर्वांचे. आजीला, म्हणजे ‘अबुएला’ला, घरात मोठा मान. काका-मावश्या, चुलत-मावस भावंडे, बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेले धर्ममातापिता असा मोठा गोतावळा. वडीलधाऱ्यांपुढे उलटून बोलायचे नाही, हा ‘रेस्पेतो’. पुरुषाने पुरुषासारखे ताठ राहावे, रडू नये, हा ‘मचिस्मो’. मुलगी पंधरा वर्षांची झाली की थाटामाटाने ‘किन्सेआन्येरा’चा सोहळा करायचा आणि ती आता लग्नाच्या वाटेवर आली असे गावाला दाखवायचे. या सर्वांवर पहारा ठेवून असते ती एक भीती. तिचे स्पॅनिश नाव ‘एल के दिरान’. त्याचे मराठी करायला शब्दकोश लागत नाही : लोक काय म्हणतील!

घरातला एकटा

आता एक घर डोळ्यासमोर आणावे. पूर्व लॉस एंजेलिसमधील दोन खोल्यांचे बिऱ्हाड. बाप मोटारी दुरुस्त करतो, आई रात्री कचेऱ्या झाडते. चौदा वर्षांचा मुलगा शाळेत हुशार आहे. आपल्याला मुलींविषयी नव्हे, मुलांविषयी ओढ वाटते, हे त्याला दोन वर्षांपासून कळलेले आहे. जेवताना काका दूरदर्शनवरील एखाद्या नाजूक चालीच्या नटाला पाहून शिवी हासडतो. सगळे हसतात. मुलगाही हसतो. त्या हसण्यात तो जे शिकतो ते हे की, आपण कोण आहोत हे या घरात कधी बोलायचे नाही.

हाच मुलगा शाळेत वर्णावरून चिडवला गेला तर घरी येऊन सांगू शकतो. बाप म्हणेल, मलाही असेच बोलले होते, मान खाली घालू नकोस. आई जवळ घेईल. अपमान कसा पचवावा आणि त्याला उत्तर कसे द्यावे, याचे धडे पिढ्यान् पिढ्या घरातच मिळतात. आपल्या समाजाला हे सांगण्याची गरज नाही. गावाने वाळीत टाकले तरी आपल्या वस्तीत, आपल्या झोपडीत आपण माणूस होतो, कारण तेथे सर्वांचे दुःख एक होते. पण लैंगिक अल्पसंख्याक मुलाचे दुःख त्याच्या आईबापांचे नसते. ते त्या वाटेने गेलेले नसतात. त्यामुळे तो बाहेर अल्पसंख्याक असतो आणि घरात तर एकटाच असतो. बाहेरच्या छळापासून वाचवणारे घरच जेव्हा छळाचे ठिकाण होते तेव्हा त्याला जाण्यासाठी जागा उरत नाही.

शब्दांचीही अडचण असते. मुले इंग्रजीत विचार करतात, आईवडील स्पॅनिशमध्ये. मुलाला आपली ओळख सांगण्यासाठी जो साधा, सन्मानाचा शब्द इंग्रजीत मिळतो, त्याच्या जागी घरातल्या बोलीत अनेकदा फक्त शिवीच असते. शिवीतून आपली ओळख सांगायची कशी? आपल्या बोलीतही या मुलांसाठी शिव्या पुष्कळ आणि शब्द थोडे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

१२ जून २०१६ च्या पहाटे फ्लोरिडातील ऑर्लँडो शहरात ‘पल्स’ या समलिंगीयांच्या नृत्यगृहात एका बंदूकधाऱ्याने ४९ जणांना ठार मारले. तेथे त्या रात्री लॅटिन संगीताचा कार्यक्रम होता. मृतांत बहुसंख्य हिस्पॅनिक होते आणि त्यांतील पुष्कळ जण प्वेर्तो रिकोच्या वंशाचे. काही घरांना मुलगा गेल्याची आणि तो समलिंगी असल्याची, अशा दोन्ही बातम्या एकाच वेळी कळल्या. ज्या घरात सर्व काही वाटून घ्यायची रीत, तेथे ही एक गोष्ट शेवटपर्यंत वाटून घेता आली नव्हती.

संशोधनाने काय दाखविले?

प्रथम एक गैरसमज दूर करू. समलिंगी असणे हा रोग नव्हे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली त्याला आपल्या आजारांच्या यादीतून काढून टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली तेच केले. उपचाराने लैंगिक कल बदलतो याला पुरेसा पुरावा नाही आणि अशा प्रयत्नांनी अपाय होऊ शकतो, असे तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कृतिगटाने २००९ साली सर्व अभ्यास तपासून सांगितले. मग ही मुले एवढी खचतात का? अमेरिकी सरकारच्या २०२३ च्या शालेय पाहणीत, समलिंगी, उभयलैंगिक, पारलिंगी इत्यादी विद्यार्थ्यांपैकी दर पाचांत एकाने मागील वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे आढळले. दोष मुलाच्या प्रकृतीत नसेल तर तो त्याच्या भोवतालात शोधायला हवा.

हा शोध घेण्याचे काम सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत कॅटलिन रायन आणि राफाएल दिआस यांनी २००२ साली हाती घेतले. रायन या समाजकार्यकर्त्या, दिआस हे मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या प्रकल्पाचे नाव ‘फॅमिली ॲक्सेप्टन्स प्रोजेक्ट’, म्हणजे कुटुंब-स्वीकार प्रकल्प. त्यांनी कॅलिफोर्नियातील गोऱ्या आणि हिस्पॅनिक कुटुंबांत जाऊन मुलांशी व पालकांशी इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये दीर्घ संभाषणे केली. मुलाचा कल कळल्यावर घरातील माणसे नेमके काय बोलतात, काय करतात, याची बारीक नोंद केली. त्यातून शंभराहून अधिक प्रकारच्या वागणुकींची यादी तयार झाली. काही स्वीकाराच्या, काही नकाराच्या.

मग २१ ते २५ वयाच्या २२४ समलिंगी व उभयलैंगिक तरुण-तरुणींना त्यांच्या किशोरवयात घरी काय काय घडले ते विचारले आणि त्यांच्या आरोग्याशी ते ताडून पाहिले. हा अभ्यास जानेवारी २००९ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या बालवैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना घरून फार नकार मिळाला होता त्यांच्यात, नकार मुळीच न मिळालेल्या वा अल्प मिळालेल्यांच्या तुलनेत, आत्महत्येचा प्रयत्न केल्याची शक्यता ८.४ पट, तीव्र नैराश्याची ५.९ पट आणि अमली पदार्थांच्या सेवनाची ३.४ पट आढळली. सर्वांत अधिक नकार सोसलेला गट होता हिस्पॅनिक मुलग्यांचा.

विद्यार्थ्यांनी येथे एक सावधगिरी बाळगावी. हा अभ्यास आठवणींवर आधारलेला आहे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे एकमेव कारण ठरत नाही. परंतु नंतरच्या निष्कर्षांनीही हीच दिशा दाखविली. २०१० साली याच प्रकल्पाने नाण्याची दुसरी बाजू मांडली : ज्यांना किशोरवयात घरून स्वीकार मिळाला, त्यांचा आत्मसन्मान अधिक, प्रकृती अधिक चांगली, आणि नैराश्य व आत्महत्येचे विचार कमी. ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’ या आत्महत्या-प्रतिबंधक संस्थेने २०१९ मध्ये असे मांडले की, ज्या मुलांच्या आयुष्यात त्यांना स्वीकारणारे निदान एक मोठे माणूस होते, त्यांनी वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी होती. निदान एक! आई नसेल तर मामा, मामा नसेल तर शिक्षिका.

मायेच्या पोटी केलेला नकार

या संशोधनातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आकड्यांत नाही. मुलाला नाकारणारे बहुतेक आईबाप क्रूर नव्हते. त्यांना आपण मुलाला वाचवत आहोत असे वाटत होते. त्याला त्या मित्राला भेटू देऊ नये, म्हणजे तो सुधारेल. त्याबद्दल घरात बोलायचेच नाही, म्हणजे हळूहळू विसरेल. पाद्रीकडे नेऊ, प्रार्थना करवून घेऊ. शाळेत मार खाऊन आला तर सांगू की, तूच तसा वागतोस म्हणून मारतात. थोडे कठोर झालो तर उद्या जग त्याला छळणार नाही. आईबापांच्या मनात हे सारे माया म्हणून चाललेले असते. मुलाला मात्र एकच कळते : मी जसा आहे तसा यांना नको आहे.

म्हणजे मायेचा अभाव हा येथला रोग नव्हे. माया आहे, पण ती ज्या वाटेने जाते ती वाट चुकलेली आहे. हे एकदा समजले की उपायही सापडतो. ज्याच्या मनात मायाच नाही त्याला ती कशी शिकवणार? पण ज्याच्या मनात आहे त्याला वाट दाखवता येते.

म्हणूनच रायन आणि त्यांचे सहकारी आईबापांना दोषी ठरवीत नाहीत. ते त्यांच्यासमोर आकडे ठेवतात आणि सांगतात की, तुमच्या या वागण्याचा मुलावर हा परिणाम होतो. आईला मुलगा हवाच असतो. आपल्या गप्प बसण्याने त्याचा जीव धोक्यात येतो हे कळले की ती विचार करू लागते. २००९ साली या प्रकल्पाने पालकांसाठी एक पुस्तिका काढली. ती इंग्रजीबरोबर स्पॅनिश आणि चिनी भाषेतही निघाली, कारण आईच्या भाषेत सांगितल्याशिवाय ते आईपर्यंत पोचत नाही.

मन बदलण्याआधी वागणूक

आईबापांची मोठी अडचण अशी असते : आमचा धर्म हे पाप मानतो. आम्ही आमची श्रद्धा सोडायची का? संशोधकांचे उत्तर फार व्यवहारी आहे. श्रद्धेचा प्रश्न सुटेपर्यंत थांबू नका. मत बदलायला वर्षे लागतील. वागणूक आज संध्याकाळपासून बदलता येते. नकाराची वागणूक थोडी जरी कमी झाली तरी मुलाचा धोका कमी होतो. उपयोगी ठरणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत :

१) मूल सांगू लागले तर मध्येच न तोडता ऐकून घ्यावे. उत्तर सुचले नाही तर तसे सांगावे, पण उठून जाऊ नये.

२) तू आमचाच आहेस, हे मनात न ठेवता तोंडाने सांगावे. ज्या घरात असे बोलण्याची रीत नाही तेथे ताटात आवडीचा पदार्थ वाढूनही ते सांगता येते. पण एकदा तरी शब्दांत सांगावे.

३) काका-मावश्यांनी त्याच्यासमोर टवाळी केली तर घरच्या कर्त्या माणसाने त्यांना थांबवावे. बाप एकदा ठामपणे बोलला की गोतावळा सहसा गप्प होतो.

४) त्याच्या मित्रमैत्रिणींना घरी येऊ द्यावे. जेवायला बसवावे.

५) शाळेत छळ झाला तर मुलाच्या बाजूने शाळेत जावे.

६) मारहाण, घराबाहेर काढणे, बोलणे टाकणे आणि ‘बरे करण्यासाठी’ कोठे नेणे, या गोष्टी कोणत्याही कारणाने करू नयेत.

यातील एकही गोष्ट करण्यासाठी पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, की धर्म सोडावा लागत नाही.

धर्माबाबत आणखी एक नोंद करावी लागेल. प्यू संशोधन केंद्राच्या २०२२ च्या पाहणीनुसार अमेरिकेतील हिस्पॅनिक प्रौढांपैकी ४३ टक्के कॅथलिक आहेत. जानेवारी २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एका सार्वजनिक सभेत, ज्यांच्या मुलांचा लैंगिक कल वेगळा आहे अशा आईवडिलांनी मुलांना दोष देण्याच्या आड लपू नये, त्यांना साथ द्यावी, असे सांगितले. चर्चची मूळ शिकवण त्यांनी बदलली नाही. पण मेणबत्ती लावून मुलासाठी रडणाऱ्या एखाद्या भाविक आईला तेवढा आधारही पुरेसा होतो.

कुटुंबाला कोण सांभाळणार?

मुलाला कुटुंबाचा आधार हवा, हे खरे. परंतु कुटुंबालाही कोणाचा तरी आधार हवा असतो. मुलाने सांगितले त्या दिवशी आईचा एक स्वप्नाचा संसार मोडतो. सून, नातवंडे, म्हातारपण हे सारे तिने मनात मांडून ठेवलेले असते. ती हे शेजारणीला सांगू शकत नाही, बहिणीला सांगू शकत नाही. लपून बसण्याची पाळी आता तिच्यावर येते.

यावर पहिला उपाय एका आईनेच शोधला. न्यूयॉर्कमधील शिक्षिका जीन मॅनफर्ड १९७२ च्या जूनमध्ये आपल्या समलिंगी मुलाबरोबर हाती फलक घेऊन मिरवणुकीत चालल्या. वाटेत कित्येक तरुणांनी त्यांना, आमच्या आईबापांशी बोलाल का, अशी गळ घातली. मार्च १९७३ मध्ये तेथील एका मेथॉडिस्ट चर्चमध्ये पालकांची पहिली बैठक झाली. सुमारे वीस माणसे जमली होती. त्यातूनच पुढे ‘पीफ्लॅग’ ही देशव्यापी संघटना उभी राहिली. पण इंग्रजीत चालणाऱ्या बैठकीत रात्रपाळी करणारी मेक्सिकन आई कशी बोलणार? म्हणून २००७ साली कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात आयांच्याच पुढाकाराने ‘सोमोस फामिलिया’, म्हणजे ‘आम्ही कुटुंब आहोत’, हा गट निघाला. २०१२ साली ‘फामिलिया एस फामिलिया’, म्हणजे ‘कुटुंब ते कुटुंबच’, अशी मोहीम निरनिराळ्या लॅटिनो संघटनांच्या साह्याने सुरू झाली. या नावांतच सारे आले. नवे मूल्य बाहेरून आणले नाही. घरात होतेच ते ‘फामिलिस्मो’ मुलाच्या बाजूला उभे केले.

मायामी विद्यापीठात हिस्पॅनिक घरांसाठी ‘फामिलियास उनिदास’ नावाचा एक कार्यक्रम विकसित झाला. किशोरवयीन मुले व्यसने आणि असुरक्षित लैंगिक संबंध यांपासून दूर राहावीत, हा त्याचा हेतू. त्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. मुलांना उपदेश करण्याऐवजी आधी पालकांना एकत्र बसवतात. व्याख्यान देत नाहीत. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांच्या विचाराप्रमाणे पालकांनाच प्रश्न मांडू देतात आणि उत्तरे शोधू देतात. नंतर त्या त्या कुटुंबाला भेटून आईबाप व मूल यांना समोरासमोर बोलायला बसवतात. मधे बसलेला कार्यकर्ता केवळ बोलणे तुटू देत नाही. हाच कार्यक्रम पुढे लैंगिक अल्पसंख्याक मुलांच्या कुटुंबांसाठी नव्याने घडविण्यात आला. त्याला नाव दिले ‘फामिलियास कोन ओर्गुयो’, म्हणजे अभिमानाने उभी असलेली कुटुंबे.

आत्महत्येचे विचार येणाऱ्या अशा मुलांसाठी कुटुंबोपचाराची आणखी एक पद्धत वापरून पाहिली गेली. तिच्यात उपचारकाने आईबापांबरोबर स्वतंत्रपणे अधिक वेळ घालविण्यावर भर आहे. त्यांचा राग, लाज, भीती आधी उपचारकापुढे मोकळी होऊ द्यायची, म्हणजे ती मुलावर कोसळत नाही. मगच दोघांना एकत्र आणायचे. आईबापांनाही रडायला जागा हवी. फक्त ती मुलाच्या खांद्यावर नको.

सरकारी आधार येतो आणि जातो. अमेरिकेत २०२२ पासून संकटसमयी दूरध्वनी करण्यासाठी ९८८ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्यावर या मुलांसाठी स्वतंत्र सेवा सुरू झाली होती. जुलै २०२५ मध्ये ती स्वतंत्र सेवा बंद करण्यात आली. मूळ क्रमांक चालू आहे. सत्ता बदलली की अशा सोयी जातात. जेवणाच्या टेबलावरील आईची जागा मात्र कोणत्याही आदेशाने रद्द होत नाही. म्हणूनच कुटुंबाचा आधार हा सर्वांत टिकाऊ आधार ठरतो.

आपण यातून काय घ्यावे?

कोणी म्हणेल, अमेरिकेतील या गोष्टी आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत कशाला? याचे उत्तर आपल्या इतिहासातच आहे. रघुनाथ धोंडो कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरुद्ध गेला, पण लोकनिंदेला भिऊन ज्ञानाचे दार लावू नये, हा धडा बाबासाहेबांनी स्वतःच्या आचरणातून दिला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी संविधानिक नीतिमत्तेची जी कल्पना समजावून सांगितली, तिचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला. कायद्याचे काम तेथे झाले. पण न्यायालयाचा हुकूम स्वयंपाकघरापर्यंत येत नाही. तेथे आईबापांचेच राज्य असते.

एक शंका अभ्यासू विद्यार्थी नक्की विचारतील. सिगालोवाद सुत्तात मुलाला योग्य जोडीदार मिळवून देणे हेही आईवडिलांचे एक कर्तव्य सांगितले आहे, त्याचे काय? माझी अल्प समजूत अशी की, कर्तव्याचे बाह्य रूप काळाप्रमाणे बदलते, गाभा बदलत नाही. त्या कर्तव्याचा गाभा आहे अनुकंपा. मुलाने आयुष्यात एकटे पडू नये, ही तळमळ. जी मुलगी पुरुषाशी संसार करूच शकत नाही तिला बळेच बोहल्यावर उभे केले तर दोन जीव एकटे पडतात. त्यात अनुकंपा कोठे उरते? कालाम लोकांना तथागतांनी सांगितले ते हेच की, परंपरा आहे म्हणून वा ग्रंथात आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. जी आचरली असता अहित व दुःख होते, ती सोडा. जी आचरली असता हित व सुख होते, ती धरा. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी घरातील शंभराहून अधिक वागणुकी तपासल्या, त्या नेमक्या याच कसोटीवर.

आपण बहिष्काराची झळ सोसलेली माणसे आहोत. पाणवठ्यावरून, देवळावरून, शाळेच्या ओटीवरून आपल्याला हाकलले गेले. तू जन्मला तसा आम्हाला नकोस, या वाक्याचा अर्थ आपल्याइतका कोणाला कळणार? तेच वाक्य आपल्या ओठांतून आपल्याच लेकराला ऐकावे लागू नये. लॉस एंजेलिसच्या त्या दोन खोल्यांतील काकाने शिवी दिली तेव्हा बापाने एवढेच म्हटले असते, ‘माझ्या घरात हे बोलू नकोस’, तरी मुलाला कळले असते की पूर्वेला उजेड आहे.

विद्यार्थी मित्रांना शेवटी दोन शब्द. तुमच्यापैकी कोणी या वाटेवर एकटा वा एकटी असेल, तर तुमच्यात काही उणे नाही. घरात आज बोलता येत नसेल तर थांबा. सुरक्षित वाटेल असे एक तरी मोठे माणूस शोधा. मन फार खचले, जीव नकोसा झाला, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, त्यावर बोला. आणि ज्यांच्यापुढे हा प्रश्न नाही त्यांनी निदान एवढे करावे : वर्गात कोणाच्या चालीवर, आवाजावर हशा उठला तर त्या हशात सामील होऊ नये. कदाचित शेजारच्या बाकावर बसलेला तुमचा मित्र त्या वेळी तुमच्याच तोंडाकडे पाहत असेल.

जयभीम!